भाड्याच्या घरापुढचं झाड

आमच्या इमारतीपुढचा गुलमोहर गेला, हे कळायला मे उजाडावा लागला. फेब्रुवारी-मार्चात गुलमोहर तसाही निष्पर्ण असतो. फांद्यांवर फक्त त्या लांब, चपट्या, काळपट शेंगा लोंबत असतात. त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. मग गल्लीतले बाकीचे गुलमोहर लालभडक झाले आणि याच्यावर एक कळी दिसेना. जिवंत फांदी नखाने खरवडली की सालीखाली हिरवा ओलसर पापुद्रा दिसतो. इथे कोरडं तपकिरी लाकूड लागलं. वरच्या फांद्या झाल्या, खालच्या झाल्या, शेवटी बुंधाही खरवडून पाहिला. सगळीकडे तेच. जमिनीलगत बुंध्याला टणक, तपकिरी, पांढऱ्या कडेची बुरशी फुटली होती, लाकडाची फळी बाहेर यावी तशी. ही बुरशी डोळ्यांना दिसते तोवर आतलं लाकूड बरंच कुजलेलं असतं.

*

मेला कशाने? मालकीणकाकू म्हणतात, वय झालं होतं. मला ते पटत नाही. अंगणात पार्किंग केलं तेव्हा खाली कोबा घालून वर पेव्हर ब्लॉक बसवले, तेही अगदी बुंध्याला टेकेपर्यंत. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. गुलमोहराची मुळं तर आडवीच पसरतात. कोब्याखाली माती दाबली गेली, पावसाचं पाणी गटारात गेलं, मुळं हळूहळू गुदमरली. असं झाड लगेच मरत नाही. साठवलेल्या अन्नावर काही वर्षं काढतं, फुलतंसुद्धा, मग शेंड्याकडून वाळत येतं. कारण आणि मरण यांच्यात इतका काळ जातो की दोन्हींचा संबंध कोणी लावत नाही. पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत फिरा, सिमेंटमध्ये गळ्यापर्यंत रुतलेले बुंधे दिसतील.

*

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर म्हणजे काही फार नाही, स्कूटर उभी राहील एवढी जागा. पण ती सुटली तर झाड तगतं.

*

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ‘बरं झालं, परदेशीच झाड होतं ते.’ मला वाईट वाटलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तिथल्या कोरड्या पानगळीच्या जंगलातला. बोयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1820च्या दशकात तो जगापुढे आणला आणि त्याच शतकात तो आपल्याकडे आला. साताऱ्यात 1 मेला गुलमोहर दिवस साजरा होतो, चित्रकार आणि कवी झाडाखाली जमतात. इतकी वर्षं भर उन्हाळ्यात ज्याने आपल्याला सावली दिली, त्याच्या मरणाला ‘बरं झालं’ म्हणू नये. नवं झाड देशी लावावं असं माझंही मत आहे, पण त्याचं कारण वेगळं. इथले पक्षी, किडे, फुलपाखरं त्या झाडांना सरावलेली असतात. गुलमोहराने कोणाचा अपराध केला म्हणून नव्हे.

*

झाड वाळलेलं असलं तरी परवानगी लागते. महाराष्ट्रात 1975 पासून शहरी भागातल्या झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं. 2021च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाच्या आकड्याइतकी नवी झाडं लावायची असंही आलं. आमचा अर्ज मालकांच्या नावाने गेला. लोक या परवानगीला कटकट म्हणतात. मला ती हवीशी वाटते. ‘वाळलंय’ असं सांगून चांगली जिवंत झाडं उतरवलेली या शहराने पाहिली आहेत. कोणीतरी येऊन सालीला नख लावून पाहावं, हे योग्यच आहे.

*

तोडणी थांबवली ती तांबटाने. एका वाळक्या तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं, गोल, कंपासने आखल्यासारखं भोक दिसलं. खाली पेव्हरवर लाकडाचा भुसा पडलेला. तांबट घरटं कोरतो ते मऊ, मेलेल्या लाकडातच. भोकाचं तोंड जमिनीकडे असलं की पाऊस आत जात नाही. थोड्या वेळाने तो आला. हिरवा, चिमणीएवढा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा, चोचीत पिकलेलं उंबर. आत डोकं घातलं, बाहेर काढलं तेव्हा चोच रिकामी होती. म्हणजे पिल्लं होती.

मी मालककाकांना वर बोलावून गॅलरीतून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘यांचं होऊ दे. तोवर त्या फांदीखाली गाडी लावू नका.’ तेवढ्यावर विषय मिटला.

मेलेलं झाडही रिकामं नसतं. रस्त्याला धोका नसेल तिथे वाळका बुंधा पुरुषभर उंचीचा तरी ठेवावा. आमच्याकडे शाळेची मुलं खालूनच जातात, म्हणून तो ठेवता आला नाही.

*

आता कुठलं झाड? इमारतीत प्रत्येकाचं वेगळं मत.

खोटा अशोक नको. उभा, सरळ, भिंतीसारखा वाढतो, पण ज्याला सावली हवी त्याला त्याचा उपयोग नाही. सप्तपर्णी झटपट वाढते, तिची पानंही देखणी, पण फुलांचा उग्र वास खिडकीशी आला की अनेकांना सोसत नाही. पिचकारीचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या पडतात. कदंब मोठा होतो, त्याला मैदान हवं. काटेसावर मला जिवापाड आवडते, पण तिच्या बुंध्याला काटे आणि खाली मुलं खेळतात.

ताम्हणावर काकूंचा जीव. राज्याचं फूल, जांभळं, चुरगळलेल्या झिरझिरीत कागदासारखं. पण ताम्हण हे ओढ्याकाठचं झाड, कोकणातलं, सह्याद्रीतलं. त्याला पाणी लागतं आणि आमच्या गल्लीत एप्रिलमध्ये टँकर येतात. बकुळ उत्तम, बारमाही हिरवी, गर्द सावलीची, फक्त वाढीला संथ. सीता अशोकाला ओल आणि थोडी सावली लागते. इथे दुपारभर पश्चिमेचं ऊन.

उरला बहावा. मुरमाड जमिनीत तगतो, मध्यम उंचीचाच राहतो, त्यामुळे वरच्या तारांशी भांडण कमी. मेमध्ये पिवळे घोस. पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या याची कोवळी पानं खातात. पानं कुरतडलेली दिसली की काही जण औषध मारायला धावतात. त्यांना हात जोडून सांगायचं, झाडाला काही होत नाही, फुलपाखरं येऊ द्या. बहाव्याचा एकच दोष सांगतात, शेंगांचा कचरा. वर्षातून थोडे दिवस झाडलोट करावी लागेल. मला तो दोष वाटत नाही.

*

खड्डा. याविषयी लोक बोलत नाहीत आणि सगळं यावरच असतं.

जुन्या खुंटाच्या जागीच नवं रोप लावलं नाही. खाली बुरशी आहे, कुजणारी मुळं आहेत. चार-पाच फूट बाजूला सरकलो. पेव्हर उचलले, कोबा फोडला. खालून निघालं ते असं: विटांचे तुकडे, फरशीचे कपरे, दगड झालेलं सिमेंटचं अख्खं पोतं, केबलचं वेटोळं आणि त्याखाली दाबून बसलेला पांढरा मुरूम, पहार आपटली की ठणठण वाजणारा. मूळ इमारतीच्या बांधकामातला राडारोडा तिथेच पुरलेला. बिचारा गुलमोहर यावर उभा होता.

तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. माळीबुवांनी मग खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि चहा प्यायला गेले. येऊन पाहिलं, पाणी तसंच. ‘यात लावलं तर रोप बुडून मरेल,’ म्हणाले. तळ आणखी फोडला, कडांनाही पहारीने खाचा पाडल्या, म्हणजे मुळांना बाहेर जायला वाट मिळेल. दुसऱ्या वेळी पाणी जिरलं. भरताना चांगली माती, थोडं कुजलेलं शेणखत. खत फार घातलं की मुळं त्या खड्ड्यातच घुटमळतात.

*

नर्सरीत सगळ्यांची नजर उंच रोपाकडे जाते. माळीबुवा बुंधा पाहतात. बांबूला बांधलेलं, सुतळी सोडताच वाकणारं उंच रोप त्यांनी बाजूला ठेवलं आणि छातीएवढं, जाड बुंध्याचं घेतलं. पिशवी फाडून मुळं बघितली. गोल गोल गुंडाळली गेली असतील तर ती कापून मोकळी करावी लागतात, नाहीतर पुढे तीच बुंध्याला फास लावतात. आणि बुंधा मातीत पुरायचा नाही. जिथून मुळं फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीवर हवा.

पहिले दोन दमदार पाऊस झाल्यावर लावलं.

*

‘अकरा महिन्यांचा करार आणि झाड कसलं लावताय?’ हे मला अनेकांनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात वाईट हेतू नाही, पण हा विचारच या शहराला महागात पडतोय असं मला मनापासून वाटतं. निम्मी गल्ली भाडेकरूंची. मालक बऱ्याचदा दुसरीकडे राहतात. झाडाखालून रोज जातो तो भाडेकरू, ते वाळतंय हे आधी दिसतं त्याला, आणि बोलायचा हक्क आपल्याला नाही असं मानून गप्प बसतो तोही तोच. पेव्हर बसवत होते तेव्हाही इथे भाडेकरू राहत होतेच. एकाने जरी ‘बुंध्याभोवती जागा सोडा’ म्हटलं असतं, तरी कदाचित ऐकलं गेलं असतं. मालककाका ऐकणारे आहेत, हे मी पाहिलंय.

*

पहिले दोन-तीन उन्हाळे महत्त्वाचे. रोज तांब्याभर पाण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा दोन बादल्या, सावकाश. वरवरचं पाणी मुळांना वरच ठेवतं. आळ्यात वाळका पाला पसरायचा, तो जाळायचा नाही. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. रोपाभोवतीचा लोखंडी पिंजरा बुंध्याला टेकायच्या आत काढायचा. दिवाळीत दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या नाहीत, आणि क्लासच्या पाट्यांसाठी खिळे तर मुळीच नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी मंगळवार घेतला आहे, वॉचमनमामांनी शनिवार. मालककाकांना मी एक विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. यापुढच्या प्रत्येक भाडेकरारात एक ओळ टाकायची: अंगणातल्या बहाव्याभोवतीची एक मीटर जमीन उघडी राहील, तिथे फरशी, कोबा वा गाडी येणार नाही, आणि हे मालक व भाडेकरू दोघांवरही बंधनकारक राहील. एजंटने मसुद्यात ती पार्किंगच्या कलमाखाली घातली आहे.