शांत व आज्ञाधारक

माजी विद्यार्थी मेळाव्यात पालक आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात : “सर, मुलगी इंजिनिअर झाली, पण दहा-बारा माणसांच्या कंपनीत लागली. हे बरे की वाईट?” त्यांच्या डोळ्यांपुढे हिंजवडीच्या काचेच्या इमारती असतात. गेल्या वर्षापर्यंत आम्हांसही याचे उत्तर ठाऊक नव्हते. ते आमच्याच एका विद्यार्थिनीने आम्हांस शिकवले.

पाचवी ते दहावी ती याच वसतिगृहात वाढली. घरी दोन गायी आणि कोरडवाहू जमिनीचा तुकडा. पदवीनंतर पुण्यात, बाणेरमधील एका सदनिकेत थाटलेल्या छोट्या कंपनीत ती कनिष्ठ सॉफ्टवेअर अभियंता म्हणून रुजू झाली. ही कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी संगणक प्रणाली तयार करते. मोठ्या कंपन्यांत नवख्यांना बहुधा आधी प्रशिक्षण मिळते, मग कामाचा लहानसा भाग वाट्याला येतो. येथे पहिल्याच आठवड्यात प्रत्यक्ष वापरातला कोड तिच्या हाती आला. सकाळी कोड लिहायचा, दुपारी त्याची चाचणी घ्यायची आणि संध्याकाळी ‘पावती निघत नाही’ असा केंद्रचालकाचा फोन आला, तर तोही आपणच घ्यायचा. वेतन बेताचे, परंतु आपण लिहिलेली ओळ कोणाच्या पदरात काय टाकते, हे तेथे डोळ्यांना दिसते.

तेच एके दिवशी तिला दिसले. गायीच्या दुधाच्या दरात ३.५ फॅट ही पायाभूत पायरी. त्याखाली दूध उतरले की दर कापला जातो. दरपत्रक बदलताना तिने ‘३.५ किंवा त्याहून अधिक’ या अटीऐवजी ‘३.५ हून अधिक’ अशी अट लिहिली. फरक एका चिन्हाचा. कोड तपासणारे वरिष्ठ सहकारी त्या दिवशी ग्राहकाकडे गेले होते. बदल तपासणीविनाच केंद्रांवर पोहोचला. ज्यांचे दूध नेमके ३.५ फॅटचे भरले, त्यांचे पैसे कापले गेले. संध्याकाळच्या संकलनानंतर चूक तिच्याच ध्यानी आली.

रात्री अकराला आमचा फोन वाजला. “जय भीम सर, झोपला होतात का?” मग बराच वेळ शांतता. “सर, सांगितलं तर काढून टाकतील का? अजून कायम केलेलं नाही मला.”

प्रांजळपणे सांगायचे, तर आमच्या ओठांवर प्रथम आलेले उत्तर होते, ‘गुपचूप दुरुस्त करून टाक.’ ते उच्चारण्याआधीच ती म्हणाली, “बदलता येईल सर, पण नोंद राहतेच.” मग तिने आम्हांस ‘गिट’ समजावून सांगितले. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केलेली ही नोंदव्यवस्था. कोडची कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली, हे तीत जपले जाते. का बदलली, तेही बदलणाऱ्याने लिहून ठेवायचे असते. अठ्ठावीस वर्षे आम्ही मुलांना सांगत आलो, साधन हाती आले की कोणी लिहिले, केव्हा लिहिले, का लिहिले, हे विचारा. तेच प्रश्न तिच्या रोजच्या कामात होते.

“पण ती नोंद शेतकऱ्याला कुठे दिसते?” ती पुढे म्हणाली. “आईच्या हातात नुसती पावती येते.”

सकाळी कार्यालय उघडताच सारे सांग, असे आम्ही सुचवले. तिने तसेच केले. वरिष्ठांनी तासाभरात अट सुधारून घेतली. दहा दिवसांचे बिल अद्याप निघायचे होते, म्हणून कापलेली रक्कम हिशेबात परत जमा करता आली. नोकरीही गेली नाही. मालकांनी एवढेच विचारले, “रात्रीच फोन का केला नाहीस? सकाळचं संकलनही चुकीच्या दराने झालं.”

तिच्यापाशी उत्तर नव्हते. सकाळपर्यंत थांबण्याचा सल्ला आमचाच होता. वरिष्ठांना अवेळी त्रास देऊ नये, ही शिकवणही आमचीच.

पुढे तिने जपून ठेवलेल्या आठवीच्या प्रगतिपुस्तकाचे छायाचित्र आम्हांस पाठवले. खाली आमच्याच अक्षरात शेरा होता : ‘शांत व आज्ञाधारक. वर्गात कधी प्रश्न विचारत नाही.’ आम्ही तो कौतुकाने लिहिला होता. शंभर मुलांच्या वसतिगृहात शांतता राखणे सोयीचे असते. ती सोय आम्ही सद्गुण म्हणून नोंदवली. मोठ्या कंपनीत असे मूल कदाचित काही काळ गर्दीत खपून जाईल. दहा जणांच्या खोलीत त्याचे मौन दुसऱ्या दिवशीच कोणाच्या तरी पावतीवर उमटते.

म्हणून आता पालकांना आम्ही सांगतो : कंपनी लहान असणे वाईट नाही. तेथे काम लवकर आणि सगळ्या बाजूंनी शिकायला मिळते. मात्र ‘मला समजले नाही’ आणि ‘माझे चुकले’ ही दोन वाक्ये मुलाला वेळेवर म्हणता यायला हवीत. ती शिकवणे हे आमचे काम होते.

यंदा प्रगतिपुस्तके भरताना तो जुना शेरा दोनदा लेखणीच्या टोकाशी आला. दोन्ही वेळा आम्ही थांबलो, आणि त्या मुलांना बोलावून विचारले, “बाळांनो, तुम्हांला काय समजलेले नाही?”