दाराजवळचे अंथरूण

प्राथमिक वर्गांवर शिकवू लागल्यापासून आम्ही सर्वाधिक वेळा ऐकलेली तक्रार म्हणजे, 'सर, हा मला चिडवतो.' आणि सर्वाधिक वेळा दिलेले उत्तर, 'तू चिडू नकोस.' चिडवणाऱ्याचा अपराध चिडणाऱ्याच्या पदरात टाकून आम्ही मोकळे!

आम्ही मोठी माणसे छळ ओळखतो तो फुटलेले ओठ आणि फाटलेला सदरा पाहून. उरलेल्या साऱ्यास 'पोरांची मस्ती' म्हणतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ देशांतील ८ व १४ वर्षांच्या मुलांना रेघांची साधी चित्रे दाखवली होती. मारामारी, शिवीगाळ, एकटे पाडणे यांतला भेद मोठ्या मुलांनी अधिक नेमका केला. म्हणजे लहानांच्या तक्रारी कच्च्याच, असा सोयीचा अर्थ आम्ही काढला.

मग ७ नोव्हेंबर आला. १९०० साली याच दिवशी बाल भीमरावांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला. तो आपला विद्यार्थी दिन. तिसरीच्या वर्गास आम्ही सांगत होतो: बसायला वेगळे गोणपाट, तेही संध्याकाळी घरी न्यायचे, नळाला हात लावायचा नाही, शिपाई असेल तरच पाणी. मागच्या बाकावरून हलकेच आवाज आला, 'सर, माझी सतरंजीपण दाराजवळ आहे.'

हे मूल वसतिगृहात नवे होते आणि रात्री अंथरूण ओले करी. शेजारच्या मुलांनी नाके धरली, आपापली अंथरुणे दूर सरकवली. त्याने दोनदा तक्रार केली होती. 'धुवायला सोपे पडेल' म्हणून त्याची सतरंजी दाराजवळ न्यावी, असे वॉर्डनना सुचवले ते आम्हीच. कोणी हात उगारला नव्हता. आमच्या हिशेबी प्रश्न मिटला होता. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळासही मनाई करते, हे शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवणारेही आम्हीच. (इतिहासाचे एम. ए.!)

त्या रात्री आम्ही वसतिगृहात गेलो. त्याला मध्यरात्री एकदा उठवून न्यायचे वॉर्डननी कबूल केले. सतरंजी ओळीच्या मध्यावर आणली आणि शेजारी कोण झोपेल, असे विचारले. तिघांनी माना खाली घातल्या. नाक धरण्यात जो सर्वांत पुढे होता, तो उठला. 'माझं लावा, सर. मीपण पहिलीत असताना...'

वाक्य त्याने पुरे केले नाही. आम्हीही विचारले नाही.