बापम्माचं मराठी

'सैराट' मी पुण्यात पाहिला. 2016चा मे महिना, कॉलेजचे पाच मित्र, रात्रीचा शो. उत्तरार्धात आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला पोचतात आणि आजूबाजूचे लोक तेलुगूत बोलायला लागतात. शेजारचा मित्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय बोलतायत रे हे?"

मी म्हणालो, "काय माहीत."

मला शब्द न् शब्द कळत होता.

मी धर्माबादचा. पुण्यात हे नाव सांगितलं की लोक विचारतात, "उस्मानाबादजवळ का?" नाही. नांदेड जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला चिकटून आमचं गाव आहे. लाल मिरचीचा बाजार ही आमची ओळख. हंगामात आडतीच्या बाजूने चालत गेलं तर नव्या माणसाला ठसका लागतो आणि गावातला माणूस त्याच्याकडे बघून हसतो. रेल्वेने थोडं पुढे गेलं की बासर, सरस्वतीचं देऊळ. तिथे लहान मुलांच्या हातून पाटीवर पहिलं अक्षर काढून घेतात. माझंही तिथेच काढून घेतलं होतं. पण शाळा मराठी, त्यामुळे तेलुगू मला फक्त बोलता येतं. वाचता येत नाही. दुकानाची पाटीसुद्धा नाही.

तेलुगू आलं ते बापम्माकडून. वडिलांची आई ती बापम्मा. आंध्रात नानम्मा म्हणतात, निजामाबादकडे बापम्मा. ती जन्मली तेव्हा तिचं माहेर आणि धर्माबाद दोन्ही निजामाच्या राज्यात होती. लग्न होऊन ती इकडे आली तोवर मधून राज्याची सीमा गेली होती. माहेर आंध्र प्रदेशात, सासर महाराष्ट्रात. 2014 साली माहेरचं राज्यही बदललं, तेलंगणा झालं. बापम्मा जागची हलली नाही.

घरात आजोबांचं मराठी, बापम्माचं तेलुगू, गल्लीत दखनी. कोण कुणाशी काय बोलतो याचा कुणी विचार करत नव्हतं. बापम्मा मराठी बोलायची ते फक्त भाजीवालीशी आणि माझ्या आईशी, आणि ते मराठी ऐकण्यासारखं होतं. तेलुगूत 'ती आली' आणि 'ते आलं' याला क्रियापद एकच आहे, वच्चिंदि. त्यामुळे बापम्माच्या मराठीत सगळ्या बायका नपुंसकलिंगी. "तुझी आई बाजाराला गेलं." "शेजारीण आलं, साखर मागितलं." आम्ही हसायचो. तीही हसायची आणि पुढचं वाक्य तसंच बोलायची.

सिनेमे मी तिच्याबरोबर पाहिले. केबलवर तेलुगू चॅनल लागायचे, दुपारी जेवणं झाली की ती भिंतीला टेकून बसायची आणि मी तिच्या मांडीवर. महेश बाबूचा 'पोकिरी' मी असाच पाहिला, बहुतेक तिसरीत असताना. 2009 साली सलमान खानचा 'वाँटेड' आला तेव्हा वर्गात मी पुढचा सीन आधीच सांगत होतो आणि पोरं चिडत होती. रवी तेजाचा 'विक्रमार्कुडु' तिला फार आवडायचा. पुढे 'राउडी राठोड' आला तेव्हा तिने दहा मिनिटं पाहिला आणि म्हणाली, याला रडता येत नाही. हे एवढं समीक्षण मला अजून पटतं.

टीव्हीवरून आमच्या घरात खरं भांडण झालं ते 2010च्या जुलैमध्ये. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा होत होता. त्याविरुद्ध चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन आले आणि पोलिसांनी त्यांना धर्माबादेत अडकवून ठेवलं. तेव्हा मी तेरा वर्षांचा. आमचं गाव एकाच वेळी दोन भाषांच्या बातम्यांत होतं. तेलुगू चॅनलवर 'आमचं पाणी', मराठी चॅनलवरही 'आमचं पाणी'. रिमोट कधी बापम्माकडे, कधी वडिलांकडे. शेवटी तिने रिमोट ठेवून दिला आणि भाताचं आधण ठेवायला गेली. 2013 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. दरवर्षी 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे वर ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. तेव्हापासून आमच्याकडे नदी अडते आणि सुटते ती तारखेप्रमाणे.

मग मी पुण्याला आलो.

पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर कुणीतरी विचारलं, काय करतोयस? मी म्हणालो, "जेवूलालो." खोलीतले चौघं हसून लोळले. पुढचे सहा महिने मला 'जेवूलालो' हेच नाव होतं. वाईट हेतू नव्हता कुणाचा. आमच्याकडची बोली त्यांनी ऐकली होती ती सिनेमात, बहुतेक मकरंद अनासपुरेंच्या तोंडून, आणि ती ऐकून हसायचं असतं हे ठरलेलं होतं. मलाही अनासपुरे आवडतात. 'कायद्याचं बोला' मी कितीदा पाहिलाय. पण पडद्यावरच्या माणसाला हसणं वेगळं आणि आईशी फोनवर बोलताना मागून हसू येणं वेगळं. मी 'करतोय', 'जातोय' शिकलो. तीन महिन्यांत शिकलो. आर्चीला तेलुगू शिकायला बहुधा यापेक्षा जास्त वेळ लागला असेल.

मराठीच जिथे दुरुस्त करावं लागत होतं, तिथे तेलुगू कुठे सांगत बसणार? बापम्माचा रोज रात्री फोन यायचा. "तिन्नवा, बिड्डा?" जेवलास का, बाळा? मी मराठीत उत्तर द्यायचो. "हो, जेवलो. हो, बरा आहे." खोलीत मुलं असायची. तिचं एक वाक्य तेलुगूत, माझं एक मराठीत, असं काही महिने चाललं. मग एके दिवशी तिने विचारलं, "जेवलास का?"

मी ते लक्षातही घेतलं नाही. उलट सोपं झालं. तिच्या माझ्या गप्पा मात्र त्या दिवसापासून आखूड होत गेल्या. तेलुगूत ती गावभर फिरून यायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, मिरचीचा भाव कसा पडला. मराठीत तिच्याकडे चारच प्रश्न होते. जेवलास का, झोपलास का, पैसे आहेत का, कधी येतोस. या चौथ्या प्रश्नात एक गोष्ट होती, जी मला कित्येक वर्षांनी कळली.

हिंदीत 'हम' एकच. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. तेलुगूतही नेमकं तसंच आहे, 'मनम' आणि 'मेमु'. भाषेचे अभ्यासक मराठीतला हा भेद दक्षिणेच्या भाषांच्या शेजाराशी जोडतात. तेलुगूत बापम्मा नेहमी म्हणायची, "मन इंटिकि एप्पुडोस्तव?" आपल्या घरी कधी येतोस? मराठीत ती म्हणायला लागली, "आमच्या घरी कधी येतोस?"

लिंगाची चूक तिच्या भाषेमुळे व्हायची, ते समजण्यासारखं होतं. पण हा भेद तिच्या भाषेतही होता. इथे चूक व्हायचं कारण नव्हतं.

नोकरी लागली ती पुण्यातच. आमच्या टीममध्ये पाच-सहा जण तेलुगू बोलणारे. चहाच्या वेळी ते आपसात बोलायचे आणि मी बाजूला कप घेऊन मोबाइल बघत उभा. दोन वर्षं मी त्यांचं सगळं ऐकलं. कुणाचं लग्न मोडलं, कोण नोकरी सोडणार आहे, आणि एकदा हेही की हा शांत पोरगा बरा आहे पण याला कशात रस नाही.

2023च्या मार्चमध्ये 'बलगम' आला. वेणू येल्दंडी हा विनोदी भूमिका करणारा नट, त्याचं हे पहिलं दिग्दर्शन. तेलंगणातल्या एका खेड्यात म्हातारा मरतो आणि पिंडाला कावळा शिवत नाही, एवढीच गोष्ट. गावोगाव लोकांनी चौकात पडदा लावून तो एकत्र पाहिला आणि रडले, अशा बातम्या येत होत्या. चहाच्या वेळी त्याचीच चर्चा चालू होती. गुंटूरचा एक जण करीमनगरच्या मुलीला तेलंगणाकडचे शब्द विचारत होता. मध्येच म्हणाला, तुमच्याकडे बापम्मा म्हणतात ती नक्की कोण, आईची आई की वडिलांची?

ती घास गिळत होती. माझ्या तोंडून तेलुगूत निघून गेलं, "वडिलांची."

सगळे गप्प. मग गुंटूरवाला म्हणाला, "दोन वर्षं?" आणि मग हसायला लागला. मीही हसलो. मला पुढे बोलायला लावलं, मी बोललो, आणि तो आणखी हसला. म्हणाला, अरे, तू तर आमच्या पिक्चरमधल्या कॉमेडियनसारखा बोलतोस.

करीमनगरची मुलगी हसली नाही. तिने मला नंतर सांगितलं की तेलुगू सिनेमात हिरो बोलायचा तो किनारपट्टीच्या जिल्ह्यांतली तेलुगू. तेलंगणाची बोली वर्षानुवर्षं विनोदी माणसाला नाहीतर गुंडाला द्यायचे. मला अनासपुरे आठवले. म्हणजे माझं मराठी एका बाजूला हशाचं आणि तेलुगू दुसऱ्या बाजूला हशाचं. माझ्याकडे दोन भाषा होत्या आणि दोन्हींतला मीच बाजूच्या भूमिकेतला.

त्या रात्री मी 'बलगम' पाहिला. त्यात कुणीही कुणाच्या बोलीला हसत नाही. मेलेल्या म्हाताऱ्याचा नातू कर्जात बुडालेला आहे, आजोबाच्या मरणापेक्षा त्याला आपलं लग्न मोडेल याची काळजी जास्त, आणि तो हे सगळं माझ्या बापम्माच्या भाषेत बोलतो. त्या घरातला जावई अनेक वर्षं रुसलेला आहे. कारण काय, तर जेवणाच्या पंगतीत मटणाची नळी वाढण्यावरून झालेला अपमान. तेलुगूत 'नल्ली बोक्का'. आमची नळी ती त्यांची नल्ली. मला हसायला आलं आणि मग आलं नाही.

'सैराट'ही मी पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्या खोटं बोलण्याच्या नादात होतो. या वेळी दिसलं की नागराज मंजुळेंनी करमाळ्याकडची बोली हिरो-हिरॉइनच्या तोंडी दिली आणि महाराष्ट्राने ती प्रेमाची भाषा म्हणून ऐकली. आणि छाया कदमांची सुमनअक्का. परक्या शहरात दोन्ही भाषा येणारी एक बाई, आणि तेवढ्यावर त्या दोघांचा संसार उभा राहतो. आमच्या धर्माबादेत अशा सुमनअक्का प्रत्येक गल्लीत आहेत. माझ्या घरातच एक होती.

दिवाळीला घरी गेलो. रात्रभराचा प्रवास, सकाळी स्टेशनवर उतरलो. त्याच दुपारी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून मी बापम्माला 'बलगम' लावून दिला. ती भिंतीला टेकून, मी शेजारी. आता मांडीवर बसायचं वय नव्हतं. नळीच्या भांडणाला ती खळखळून हसली. मग तिच्या माहेरच्या एका लग्नात आधी कुठल्या पंगतीला बसवायचं यावरून दोन भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत, ते सांगायला लागली. मराठीत सांगायला लागली, अडकली, आणि तेलुगूत गेली. मी मध्ये काही बोललो नाही.

कावळ्याच्या प्रसंगांना ती गप्प होती. सगळे हात जोडून कावळ्याला विनवत होते. आमच्याकडेही दहाव्याला हेच करतात. पोरांना सांभाळतो, भावाशी भांडत नाही, काय काय कबूल करतात. संपल्यावर तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारलं, "मी मेल्यावर तू कावळ्याला काय म्हणशील?"

"काहीतरी बोलू नको."

"कुठल्या भाषेत म्हणशील?"

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने मी तेलुगूत विचारलं, तू माझ्याशी फोनवर तेलुगू का सोडलंस? शब्द जुळवायला वेळ लागला. तोंडातली भाषा गंजली होती.

ती अगदी साधेपणाने म्हणाली, "तुझ्या खोलीत लोक असायचे ना."

एवढंच. रागाने नाही, टोमणाही नाही. आठ वर्षांपूर्वी तिने जे ओळखलं होतं ते तिने सांगितलं आणि मोबाइल माझ्या हातात देऊन ती उठली. मी तिथेच बसून राहिलो. आई स्वयंपाकघरातून बघत होती, तिने काही विचारलं नाही.

पुण्याला परतलो त्या रात्री फोन आला. वाकडच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो. तिघं कांदा चिरत, भाजी निवडत किचनमध्येच होते.

"पोचलास का?" बापम्मा मराठीतच बोलत होती. सवय इतक्यात जात नसते. "तुझी आई विचारू लागलं, डबा उघडलास का नाही?"

"तिन्ना, बापम्मा," मी म्हणालो. जेवलो. तिघांनी वर पाहिलं.

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "बरं. आपल्या घरी कधी येतोस आता?"

मी तेलुगूत सांगितलं, संक्रांतीला. मग तिनं मिरचीचा भाव सांगितला, आणि मग शेजारणीच्या सुनेचं, आणि मी उभ्याउभ्याच ऐकत राहिलो. भाजी करपली, ते मला नंतर कळलं.