नमतं घेत चढणारी वाट

राइशेनाउपाशी दोन ऱ्हाइन भेटतात. एक पश्चिमेकडून येते, दुसरी दक्षिणेच्या डोंगरांतून. इथून पुढं एकच नाव घेऊन ही नदी उत्तर समुद्राच्या वाटेला लागते. स्वित्झर्लंडमधल्या कूरहून सुटलेली तांबड्या डब्यांची गाडी या संगमाजवळून जाते. संगम दिसला की हात जोडायचे, हे आपल्या रक्तातच आहे. आम्हा दोघांचेही हात जोडले गेले.

सत्तरी जवळ आल्यावर आम्ही नवराबायको युरोप पाहायला निघालो ते रेल्वेनं आणि स्वतःच्या बेतानं. कुठं थांबायचं, कुठून लवकर निघायचं, हे गुडघ्यांना आणि मनाला विचारून ठरवायचं. म्हणून इटलीतल्या तिरानोला नेणाऱ्या या वाटेवरही आम्ही पर्यटकांची काचेरी गाडी सोडून रोजची साधी गाडी धरली. तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात आणि रानाचा वास आत येतो. ती लहान स्थानकांवर थांबते. मनात आलं तर उतरावं, पाहून झालं की मागून येणाऱ्या गाडीत बसावं.

ही वाट माणसानं बांधली, पण आखली डोंगरानंच. या वाटेतला आल्बुलाचा मार्ग 1904मध्ये सेंट मॉरिट्झपर्यंत पोचला, पुढचा बेर्निनाचा 1910मध्ये पुरा झाला आणि 2008मध्ये दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरले. लांडवासर नदीवरचा पूल 65 मीटर उंच. त्याच्या सहा दगडी कमानी दरीवर वळण घेतात आणि समोरच्या कड्यातल्या बोगद्यात शिरतात. बेर्ग्यून ते प्रेडा या टप्प्यात चारशे मीटरहून अधिक चढायचं असतं. तिथं रूळ डोंगराच्या पोटात पूर्ण वळसे घेतात आणि सरळ अंतराच्या जवळपास दुप्पट लांब होतात. बेर्ग्यूनच्या देवळाचा मनोरा कधी डावीकडे दिसतो, कधी उजवीकडे, दर वेळी थोडा अधिक खाली. पुढं बेर्निनावर हजार मीटरला 70 मीटर असा चढ आहे, तरी रुळांमध्ये दातेरी पट्टी नाही. वळत वळत, डोंगर देईल तेवढीच उंची घेत गाडी वर जाते. नमतं घेऊनही किती उंच जाता येतं, हे खिडकीशी बसून पाहताना आम्हाला फार आश्वासक वाटलं.

कोजागरी नुकतीच होऊन गेली होती. एंगाडिनच्या खोऱ्यात उतरलो आणि लार्चची रानं पेटल्यासारखी उजळलेली दिसली. बहुतेक सूचिपर्णी वृक्ष बारमाही हिरवे असतात, पण लार्च आपल्या सुया दर वर्षी गाळतो. गळण्याआधी काही दिवस तो हळदीनं माखल्यासारखा होतो. त्याच्या शेजारी आरोला पाइन काळसर हिरवा उभा असतो. त्याच्या बिया नटक्रॅकर नावाचा ठिपकेदार पक्षी हिवाळ्याच्या बेगमीसाठी जमिनीत पुरतो. ज्या खायच्या राहून जातात त्यांतून नवी झाडं येतात. एका पाखराच्या साठवणीवर ही रानं वर सरकत राहतात.

पॉन्त्रेसिनानंतर आम्ही मोर्टेराचला उतरलो. इथून हिमनदीच्या मुखाकडे संथ चढाची पायवाट जाते. वाटेवर जागोजागी सालांच्या पाट्या आहेत. त्या त्या साली बर्फ इथवर होता, एवढंच त्या सांगतात. रूळ आले तेव्हा हिमनदी स्थानकापासून थोड्याच चालीवर होती. 1878पासून तिची मोजणी होते आहे आणि तेव्हापासून ती अडीच किलोमीटरहून अधिक मागं गेली आहे. जुन्या पाट्यांपाशी झाडं डोक्यावर गेलेली. पुढच्या पाट्यांपाशी ती खांद्याएवढी, मग गुडघ्याएवढी. शेवटी उघडा दगड आणि त्यावर दगडफुलाचे डाग. वनस्पतींनी मोकळ्या जमिनीवर कसकसा पाय रोवला, ते सारं या एका वाटेवर क्रमानं उभं आहे.

आमच्या लग्नाच्या आसपासच्या सालाची पाटी आली तेव्हा हे तिथंच थांबले. तिथून बर्फ अजून बराच लांब होता. मधली सगळी जमीन आमच्या संसाराच्या काळात उघडी पडलेली. आम्ही काही न बोलता चाललो. मुखापाशी निळसर बर्फाच्या पोटातून पिठूळ पाणी धावत होतं आणि वर पित्झ बेर्निनाचं 4049 मीटरचं शिखर उन्हात होतं. देवळात गेल्यावर जसं काही मागायचं सुचत नाही, तसं झालं.

पुढच्या गाडीनं ऑस्पिझिओ बेर्निना गाठलं. 2253 मीटर, या मार्गाचा माथा. इथं दोन तळी जवळजवळ आहेत. लेय नायर काळं, लागो बिआंको हिमनदीच्या गाळानं पांढुरकं. काळ्या तळ्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि तिथून काळ्या समुद्राला जातं. पांढऱ्याचं पाणी आद्दा आणि पो नद्यांतून एड्रियाटिकला मिळतं. महाबळेश्वरची कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, हे लहानपणापासून ऐकलेल्या आम्हाला हा माथा परका वाटला नाही. पाणलोटाची रेघ कुठंही असो, तिथं उभं राहिलं की आपण किती लहान आहोत ते कळतं.

आल्प ग्र्यूमला रस्ता नाही, रेल्वेनं किंवा पायीच यावं लागतं. समोर पालू हिमनदी आणि खाली पोस्कियावोचं खोरं. माथ्यापासून तिरानोपर्यंत चाळीस किलोमीटरच्या आतच अठराशे मीटरचा उतार. बर्फ संपतो, लार्च संपतात, ब्रूझिओला दगडी पूल मोकळ्यावर पूर्ण गोल फिरून गाडीला खाली सोडतो, चेस्टनटची झाडं लागतात आणि तिरानोला द्राक्षांचे मळे. एका दुपारीत सारे ऋतू ओलांडून आम्ही इटलीत उतरलो आणि बकव्हीटच्या पिठाचे गरम पित्झोक्केरी खाल्ले.

आमच्या वयाच्या जोडप्यांना मनापासून सांगावंसं वाटतं, अशा वाटांवर जरूर जा. साधी गाडी धरा, थोडंच सामान घ्या आणि मोर्टेराचला नक्की उतरा. त्या पाट्या ओळीनं वाचा आणि घरी आल्यावर नातवंडांना सांगा की आमच्या हयातीत एवढा बर्फ गेला, उरलेला तुमच्या हयातीत राहावा यासाठी आपण सगळ्यांनी इंधन जाळताना हात आखडता घ्यायला हवा. वडीलधाऱ्यांचं हे काम आता आपल्याकडे आलं आहे.