बहुमताचे घर

परगावी बदली झालेल्या कारकुनाचे खरे घर बहुधा कागदावरच नांदत असते. आमचेही तसेच. आम्ही भिलाईत केंद्र सरकारच्या एका कचेरीत टिपणे लिहीत बसतो, आणि आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक तिकडे मुलुंडला कुलूप लावून बसला आहे. वडिलांनी तो भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन घेतला होता. ते गेल्यावर सोसायटीच्या भागदाखल्यावर आमचे नाव चढले, आणि मातोश्री आमच्याबरोबर इकडे आल्या.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीची नोटीस आली. इमारत पाडून नवी बांधण्याचे काम एका कंपनीस द्यावे, एवढा एकच विषय. शेजाऱ्यांकडे चौकशी करता कळले की, सोळांपैकी पाच ब्लॉक दोन वर्षांत विकले गेले होते. घेणारांची नावे पाच. पण त्या पाचांमागे ती एकच कंपनी आहे, असा बोलवा होता. सहकारी कायद्यात भाग कितीही असोत, सभासदाचे मत एकच. पाच नावांचे कारण आमच्या ध्यानात आले.

मातोश्रींनी विचारले, “आपल्याला न विचारता आपलं घर पाडता येतं का रे?”

कारकुनाला अशा प्रश्नाचे उत्तर नियमांत शोधण्याची खोड असते. आम्हीही शोधले. ब्लॉक आपल्या मालकीचा असे आपण म्हणतो खरे. पण सहकारी सोसायटीत जमीन व इमारत संस्थेची, सभासदाचा भाग आणि राहण्याचा हक्क. शासनाच्या २००९ च्या निर्देशांत पुनर्विकासासाठी तीन चतुर्थांशांची अट होती. ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी ती एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांवर आणली. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालील घरांत प्रत्येकाचा जमिनीतही अविभक्त हिस्सा असतो. तेथे एकाच्या नकाराने काम अडून राहत असे; २०१८ च्या दुरुस्तीने तेथेही बहुमत पुरेसे झाले. रीतसर झालेला बहुमताचा ठराव मूठभरांना अडवता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालय वेळोवेळी सांगत आले आहे. तेव्हा मातोश्रींना उत्तर द्यावे लागले ते असे: विचारावे लागते, पण आपला होकार लागतोच असे नाही.

सोळांत नऊ मते पुरेशी, आणि पाच आधीच तयार होती. आमचे मत पोस्टाने पाठवण्याची सोय नव्हती. कायद्याप्रमाणे ते स्वतः हजर राहूनच द्यावे लागते, मुखत्याराकरवी चालत नाही. परगावी राहणाऱ्याने हे कलम विसरू नये.

रजेचा अर्ज लिहीत असता आमचे एक शेजारी आले. ते कारखान्यातून निवृत्त झालेले. या शतकाच्या आरंभी कारखान्याने आपली काही घरे कामगारांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली, त्यांतील एकात ते राहतात. हकीकत ऐकून ते हसून म्हणाले, “बाबूजी, तुम्हाला निदान मत तरी आहे. आमच्या पायाखालची जमीन कारखान्याची. तिच्याविषयी आम्ही फक्त अर्ज करतो.” यावर आम्हांस काही सुचले नाही.

दुर्गहून मुंबईची गाडी धरली ती विरोध करण्याच्याच निश्चयाने. पण सभेच्या आधी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. कठड्याला धरून त्या एकेक पायरी उतरत होत्या. म्हणाल्या, “तू भिलाईत राहतोस बाबा. मी चार महिन्यांनी आज खाली येते आहे. नव्या इमारतीला लिफ्ट असेल.” त्यांच्या घराच्या छताची उघडी पडलेली सळईही आम्ही पाहिली. आपले प्रेम कुलपातल्या घरावर आहे आणि त्यांना रोज त्या छताखाली निजावे लागते, हा फरक भिलाईत बसून दिसला नव्हता.

सभेत आम्ही पुनर्विकासास संमती दिली, कंपनीस दिली नाही. आधी सल्लागार नेमावा, निविदा मागवाव्या, मग निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर निवड करावी, असा निर्देशांतला क्रम आम्ही वाचून दाखवला. प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी, चटई क्षेत्राचा लेखी आकडा, ताबा मिळेपर्यंतचे भाडे आणि नोंदणी केलेला करार, यांवाचून घर रिकामे करू नये असेही म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, हे निर्देश बंधनकारक नाहीत, मार्गदर्शक आहेत, असे न्यायालयानेच म्हटले आहे. ते खरे होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “बंधन नसलं तरी वाट दाखवली आहे ना? मग त्याच वाटेने जाऊ.” निविदा मागवण्याचा ठराव नऊ मतांनी झाला. त्यातले एक आमचे.

भिलाईस परतल्यावर मातोश्रींना सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि एवढेच विचारले, “स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेलाच ठेवतील ना?”

आमच्या यादीत खिडकी नव्हती. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाण्यापूर्वी सोसायटीला तेवढ्यासाठी एक पत्र टाकले.