जानमाजीपुरती जागा

सीप्झ या नावातलं पहिलं अक्षर सांताक्रूझचं आहे, हे मरोळमध्ये फारसं कुणाला आठवत नाही. 1973 साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सरकारने ही वसाहत अंधेरी पूर्वेला उभारली. पुढे तिथे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, दागिन्यांचे कारखाने आले. आम्हा मरोळकरांसाठी मात्र संगणकांची ती थंडगार दालनं बरीच वर्षं फाटकापलीकडची होती. फाटकाच्या अलीकडे आमच्या चाळी आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती. त्यांतलं घर आधी 225 चौरस फुटांचं, 2008नंतर काही वर्षं 269चं.

मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली आणि संगणकच फाटक ओलांडून घरी आले. आम्ही दोघं भावंडं. भाऊ प्रोग्रॅम लिहिणारा, बहीण सर्व्हर सांभाळणारी. तिला लॉग पाहायला एक मॉनिटर, हुकूम द्यायला दुसरा, शिवाय सरावासाठी वेगळं यंत्र. भावाचा लॅपटॉप निराळाच. आणि खोली एकच. तिच्यात उत्तरेच्या खिडकीखाली अम्मीची शिलाई मशीन, पश्चिमेला किब्ल्याची भिंत.

24 इंची मॉनिटर म्हणजे कर्णात 24 इंच. आडवा ठेवला तर तो साधारण 53 सेंटिमीटर रुंद, 30 उंच. असे दोन शेजारी मांडले की साडेतीन फूट गेले. त्यातला एक उभा केला तर पावणेतीन फुटांत भागतं, आणि लॉगच्या पुष्कळ ओळी एकाखाली एक वाचायला उभा पडदाच बरा. एकच कीबोर्ड आणि माउस बटण दाबून दोन संगणकांना वापरता यावा म्हणून केव्हीएमची डबी आणली. सरावाच्या सर्व्हरला तर पडदा लागतच नाही. वीज आणि नेटवर्कची तार मिळाली की त्याला दुसऱ्या संगणकावरून हुकूम देता येतो. आपल्या समाजात पडद्यावर पुष्कळ वाद झाले. आमच्या घरातला हा प्रश्न असा बिनवादाचा सुटला.

पण तो सर्व्हर ठेवायचा कुठे? घर तळमजल्यावर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठीचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं, ते मरोळमध्ये कुणी विसरलेलं नाही. म्हणून जमीन नको. पोटमाळ्यावर उकाडा, आणि यंत्र जेवढी वीज खातं तेवढी उष्णता सोडतं. शेवटी दाराशेजारच्या कडप्प्याच्या फळीवर, छातीच्या उंचीला, चारी बाजूंनी वारा लागेल असा तो ठेवला.

टेबल पूर्वेच्या भिंतीला लावलं. खिडकीचा उजेड डावीकडून येऊ लागला, काचेत चमक उरली नाही, आणि अम्मीची मशीन जागची हलली नाही. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून खाली जुन्या वह्यांचे गठ्ठे दिले.

25 एप्रिलला पहिला रोजा. मशिदी बंद, त्यामुळे तरावीह घरात. रात्रीचे साडेनऊ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये दुपारचे बारा, म्हणजे बहिणीच्या कामाची ऐन वेळ. जानमाज सव्वादोन फूट रुंद, पावणेचार फूट लांब. अशा तीन अंथरल्या की खोली भरली. अब्बा आणि आम्ही बाकीचे पश्चिमेकडे तोंड करून उभे, ती पूर्वेकडे तोंड करून कामाला बसलेली, पाठीला पाठ. नमाजींसमोर पडदा येत नव्हता, समोरून कुणाला जावं लागत नव्हतं. काम आटोपलं की तीच जानमाज तिच्यासाठी अंथरलेली असे. उभा केलेल्या मॉनिटरने वाचवलेला पाऊण फूट नसता, तर तिसरी जानमाज बसली नसती.

अब्बांना या यंत्रांतलं काही कळत नाही. पण पहिल्या दिवशी फूटपट्टी घेऊन त्यांनीच जमीन मोजली आणि म्हणाले, “टेबल इसका पक्का रहेगा, बाकी सामान सरकाओ.”

मुलींना शिकवा, असं आपण मेळाव्यांतून आणि अशा अंकांतून बरीच वर्षं सांगत आलो आहोत. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. आता शिकलेल्या मुलीचं टेबल घरात कुठे मांडायचं, तेही सांगावं लागेल. कंपन्यांच्या जाहिरातींतली मोठाल्या पडद्यांची टेबलं पाहून ते उत्तर मिळणार नाही. तिथे फक्त यंत्रं दिसतात. त्यांच्यामागे शिवणारी, नमाज पढणारी, झोपणारी माणसं नसतात. आपल्या घरांत ती असणारच. त्यांच्यासकट मोजमाप केलं, तर 269 चौरस फुटांतही जागा निघते.