पाटल्या, पॉलिसी आणि पिवळं कार्ड

आमच्या लहानपणी कासुर्डीत विमा म्हणजे एलआयसीचा, मुदत भरल्यावर किंवा माणूस गेल्यावर मिळणारा. आजारपणाचाही विमा असतो, हे कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं. तापखोकल्याला यवतचे डॉक्टर होते. त्यांची फी वहीत मांडलेली असायची आणि उसाचं बिल आलं की चुकती व्हायची. जुनाट दुखण्यांसाठी काही जण उरुळी कांचनला, गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमात जायचे. आणि पुण्याच्या सरकारी रुग्णालयात, ‘ससूनला हलवलं’ असं कळलं की सगळी आळी काळजीत पडायची.

ससूनमधला उपचार स्वस्त होता. पण तिथवर जाणं, राहणं, बाहेरून औषधं आणणं याला पैसा लागायचा. मग घरातल्या बाईच्या पाटल्या सोनाराकडे जायच्या, दुभती म्हैस बाजाराला निघायची, कुणी गुऱ्हाळवाल्याकडून उचल घ्यायचं. अशा वेळी शेजारचं कुणीतरी म्हणायचंच, “तात्या, पैशाचं मागनं बघू, आधी माणूस हलवा.” त्या शब्दांनी केवढा धीर यायचा! पण त्या मायेलाही मर्यादा होती. दुष्काळात शेजाऱ्याचा हातही आपल्याइतकाच रिकामा असे. एका मोठ्या ऑपरेशनापायी विकलेला जमिनीचा तुकडा परत त्या घराकडे आलेला मी पाहिला नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागलेल्या पोरांनी गावात पहिल्यांदा ‘ईएसआय’, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, हा शब्द आणला. १९४८ च्या कायद्याने पगारातून सक्तीची कपात होई, आणि पोरं त्यावर कुरकुरायची. पण मशीनमध्ये हात सापडला, घरात बाळंतपण आलं, की त्याच कपातीचा आधार व्हायचा. दमा आहे म्हणून कुणाला त्या विम्यातून वगळलं जात नसे. सक्तीचं मर्म हेच: धडधाकट माणूसही वर्गणी भरतो, म्हणून आजारी माणसाला दार बंद करावं लागत नाही.

१९८६ साली चार सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम ही आजारपणाच्या विम्याची पॉलिसी आणली. चौघींची पॉलिसी जवळपास एकच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता, आणि आमच्या गावापर्यंत ती पोचलीही नाही. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना वाट मिळाली. पुढे सोलापूर रस्ता रुंद झाला, कासुर्डीला टोलनाका आला, विम्याचे एजंटही दारात आले. स्पर्धेने खरोखर काही दिलं. पैसे न भरता दाखल होण्याची सोय आली, कितीतरी प्रकारच्या पॉलिसी आल्या, आणि २०११ पासून कंपनी बदलली तरी जुनी वर्षं धरली जाऊ लागली. ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो, हा धाक चांगलाच असतो.

पण एजंटचा पहिला प्रश्न असतो, “काका, साखर आहे का?” मोकळं सोडलं तर कंपन्यांची चढाओढ चांगली सेवा देण्यापेक्षा निरोगी गिऱ्हाईक वेचण्यातच चालते. म्हणून २०२४ साली विमा नियामकाला नियम करावे लागले: पासष्टीनंतरही पॉलिसी मिळावी, आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत चारऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षं असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. तरी म्हाताऱ्या माणसाचा हप्ता कोरडवाहू शेतकऱ्याला पेलत नाही. अमेरिकेनेही २०१० च्या कायद्याने आजाऱ्याला विमा नाकारायला बंदी घातली आणि सोबत प्रत्येकावर विम्याची सक्ती केली. सक्तीचा दंड २०१९ पासून शून्य झाला, बंदी मात्र टिकली.

आपल्याकडे राज्य सरकारची जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर दीड लाखांपर्यंतचा उपचार, हप्ता सरकारचा. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. २०२३ च्या निर्णयाने ती सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली, वर्षाला पाच लाखांपर्यंत. एके काळी ज्या ऑपरेशनापायी शेत जायचं, ते आता कार्डावर होतं. रुग्णालयात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, भेटतो, आणि २०१४ पासून १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. हे पाहताना मन भरून येतं.

तरी आपण इथे थांबू नये. योजना यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांनाच चालते. बीपी-साखरेच्या रोजच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या यांचा खर्च योजनेबाहेरच राहतो. सरकारने रुग्णालयांना परवडणारे दर ठेवले नाहीत आणि बिलं वेळेवर चुकवली नाहीत, तर रुग्णालयं योजनेतून अंग काढून घेतील, आणि कार्ड हातात असूनही माणूस दारात उभा राहील.

मला जुनी आळी परत हवी असं नाही. तिची माणुसकी मात्र कायद्यात उतरलेली हवी. कुणाला नाकारायचं नाही, हे सरकारने ठरवावं आणि गरिबाचा हप्ता भरावा. त्या चौकटीत कंपन्यांनी आणि रुग्णालयांनी चांगल्या सेवेसाठी हवी तेवढी चढाओढ करावी. आणि यवतच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आणि औषधं कायम असावीत, कारण गावाजवळचा दवाखाना रिकामा असेल तर पाच लाखांचं संरक्षण पुण्यापर्यंत पोचू शकणाऱ्यालाच मिळतं.